शेवंतीची रात्र कशी राखायची: पॉलिहाऊसमधले दिवे, काळा पडदा आणि त्यांचा क्रम

पॉलिहाऊसमधली शेवंती बिघडली की आपण आधी खताच्या टाकीकडे धावतो. दांडा वीतभर असतानाच कळी आली तर नत्र वाढवतो. झाड छातीएवढं होऊनही कळी नाही तर पोटॅश वाढवतो. दोन्ही वेळा दोष बहुतेक रात्रीत असतो. नको त्या काळात रात्र लांब मिळाली किंवा हव्या त्या काळात ती मध्येच तुटली.

हा लेख वर्षभर कट फ्लॉवर, म्हणजे लांब दांड्यासकट विकायची शेवंती घेणाऱ्यांसाठी आहे. यातले आकडे पुण्याच्या अक्षांशाला धरून आहेत. नागपूरला जूनचा दिवस यापेक्षा दहाएक मिनिटांनी मोठा असतो आणि कोल्हापूरला थोडा लहान. तेवढ्या फरकाने कामाचा क्रम बदलत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. जरबेरा आणि गुलाब दिवसाच्या लांबीवर अडून राहत नाहीत, त्यामुळे शेवंतीचं वेळापत्रक त्यांना लावू नका. कार्नेशन आणि जिप्सोफिला यांना लांब दिवसात फूल लवकर येतं, म्हणजे शेवंतीच्या बरोबर उलट. शेजारच्या हाऊसमध्ये जे चालतं ते आपल्याकडे लावण्याआधी तिथे फूल कोणतं आहे ते बघा.

## झाडाच्या आत काय घडतं

एवढा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढच्या प्रत्येक टप्प्याचं कारण यात आहे.

शेवंती दिवस मोजत नाही. ती सलग अंधार मोजते, आणि हे काम पान करतं. पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. लाल प्रकाश पडला की ते जागं होतं आणि अंधारात हळूहळू निवळत जातं. अंधार पुरेसा लांब आणि अखंड राहिला तर पानात फ्लोरिजेन नावाचं प्रथिन तयार होतं. फुलाचा निरोप नेणारं संप्रेरक ते हेच. अन्नरसाबरोबर ते शेंड्यापर्यंत जातं आणि तिथे पानांऐवजी कळी घडू लागते. मध्यरात्री पानावर उजेड पडला तर उलटं होतं. पान फ्लोरिजेनला विरोध करणारं दुसरं प्रथिन बनवतं आणि शेंडा पानंच काढत राहतो.

याचा अर्थ उजेड किंवा अंधार पानांना मिळायला हवा, आणि पानं निरोगी हवीत. पांढऱ्या तांबेऱ्याने किंवा करप्याने खालची पानं गेलेल्या झाडाला निरोप पाठवायला जागाच उरत नाही.

बाकीची संप्रेरकं या दोन अवस्थांच्या आधाराने काम करतात. लांब दिवसात जिबरेलिनचा जोर असतो, पेरं लांबतात आणि दांडा मिळतो. शेंड्यातलं ऑक्सिन बाजूचे कोंब दाबून ठेवतं, म्हणून शेंडा खुडला की फुटवे येतात. इथिलीन वायू मात्र शेवंतीची कळी रोखतो. त्याबद्दल जनरेटरच्या ठिकाणी बोलू.

आता आपल्या भागाची खरी अडचण. पुण्यात २१ जूनचा दिवस सुमारे १३ तास १३ मिनिटांचा असतो आणि २१ डिसेंबरचा सुमारे ११ तासांचा. नेदरलँड्समध्ये हेच आकडे पावणेसतरा आणि पावणेआठ तास आहेत. तिकडचा उन्हाळा शेवंतीला ठामपणे सांगतो की अजून फुलू नकोस. आपला जून तसं काही सांगत नाही. पहाटेचा आणि सांजेचा संधिप्रकाश धरून आपला सर्वांत मोठा दिवस जेमतेम १४ तासांचा होतो. कळी धरायला चालणारा दिवस आणि कळी उमलायला लागणारा दिवस यांत फरक आहे. कळी थोड्या लांब दिवसातही धरते, पण पूर्ण वाढायला तिला त्याहून लहान दिवस लागतो. म्हणून मे-जूनमध्ये दिवे न लावलेल्या आणि पडदाही न ओढलेल्या शेवंतीत शेंड्यावर कळी दिसते, तिथेच अडकते, आणि तिच्या खालून पुन्हा हिरवे कोंब निघतात. बाहेरच्या देशाचं वेळापत्रक छापून आणून भिंतीला लावलं की हाच घोटाळा होतो.

आपल्याकडे म्हणून वाढीच्या काळात रात्र तोडणारे दिवे बाराही महिने लागतात. कळीच्या काळात रात्र लांबवणारा काळा पडदा साधारण मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत लागतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बहुतेक जातींना निसर्गाची रात्र पुरते.

## टप्पा १: काढणीच्या तारखेपासून मागे मोजा

लागवडीची तारीख आधी ठरवू नका. आधी बाजाराची तारीख ठरवा.

रोपं घेताना जातीचा प्रतिसाद काळ विचारा. लांब रात्र सुरू केल्यापासून फूल काढणीला येईपर्यंतचे आठवडे म्हणजे हा काळ. कट फ्लॉवरच्या जाती साधारण ७ ते १० आठवड्यांच्या असतात. रोपवाटिकेने हा आकडा सांगितला नाही तर ती जात पहिल्यांदा थोडीच लावा.

उदाहरण घेऊ. गणपतीसाठी १० सप्टेंबरला माल हवा आहे आणि जात ८ आठवड्यांची आहे.

- १० सप्टेंबरच्या ५६ दिवस मागे म्हणजे १६ जुलै. पावसाळी ढग आणि उकाड्यासाठी पाच दिवस हाताशी ठेवा. पडदा सुरू: ११ जुलै.
- त्याआधी चार आठवडे दिव्याखाली वाढ. लागवड: १३ जून.
- त्याआधी दोन आठवडे मुळं फुटायला. कटिंग लावणं: ३० मे.
- त्याआधी मातृझाडं, म्हणजे ज्यांच्यावरून कटिंग घ्यायचं ती झाडं, तयार आणि दिव्याखाली. लावणं: एप्रिलच्या मध्याला.

लोकांची चूक बहुतेक या शेवटच्या ओळीत होते. जूनमध्ये लागवड म्हणून जूनमध्ये दिवे, असा हिशेब करतात. तोवर मातृझाडाने कळीची तयारी करून ठेवलेली असते.

## टप्पा २: लागवडीच्या आधी वीज, दिवे आणि पडदा

रोपं गाडीतून उतरल्यावर वायरमनला फोन करायचा नसतो. या टप्प्यातलं सगळं लागवडीच्या किमान आठ दिवस आधी पुरं करा आणि तीन रात्री रिकाम्या हाऊसमध्ये चालवून बघा.

दिवे. हा उजेड झाडाला अन्न बनवायला द्यायचा नाही, फक्त रात्र तोडायला द्यायचा आहे. म्हणून मोठे हॅलोजन नकोत. शेंड्याच्या पातळीवर, दोन दिव्यांच्या मधल्या सर्वांत अंधाऱ्या जागी १०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) मिळाले की काम होतं. लाल एलईडी शेवंतीला उत्तम चालतो, कारण फायटोक्रोम लाल प्रकाशालाच जागं होतं. साधा एलईडी घ्यायचा तर थंड पांढऱ्यापेक्षा पिवळसर पांढरा घ्या, त्यात लाल भाग जास्त असतो.

सुरुवातीला ३ मीटर बाय ३ मीटरवर दिवे टांगा, मोजा, आणि कमी भरलं तर अंतर घटवा. १० गुंठ्यांना, म्हणजे सुमारे १००० चौरस मीटरला असे ११० दिवे बसतात. दिवा १५ वॉटचा धरला तर १६५० वॉट, आणि चार तासांचे ६.६ युनिट. चार आठवड्यांत सुमारे १८५ युनिट होतात. हा खर्च वाचवायला दिवे विरळ लावणारे लोक अख्खी बॅच बाजारात कवडीमोल विकताना मी पाहिले आहेत, म्हणून आकडा मांडून सांगतो.

तपासा: लक्स मीटर विकत घ्या. मोबाइलमधलं ॲप अंदाजाला ठीक, पण त्यावर बॅच सोडू नका. रात्री हाऊसच्या चारही कोपऱ्यांत, कडेच्या वाफ्यात आणि दर दोन दिव्यांच्या मध्ये मोजा. कडेचे वाफे नेहमी कमी भरतात, तिथे दिव्यांची एक ओळ वाढवावी लागते. लाल एलईडीवर साधं लक्स मीटर खरं बळ दाखवत नाही. तिथे दिवे विकणाऱ्याने दिलेलं अंतर पाळा आणि मीटर फक्त एक जागा दुसरीपेक्षा किती फिकी आहे हे बघायला वापरा.

टायमर. बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. वीज गेली की घड्याळ थांबणारा स्वस्त टायमर नको. दोन तास वीज गेली की त्याचे दहा वाजलेले असतात मध्यरात्री बाराला, आणि कोणाच्याच लक्षात येत नाही. दिव्यांचा भार थेट टायमरवर न टाकता कॉन्टॅक्टरमधून, म्हणजे मोठा भार पेलणाऱ्या विजेवरच्या स्विचमधून, द्या.

वीज. शेतीपंपाच्या फीडरवर रात्रीची आणि दिवसाची पाळी बदलते. दिव्यांचा भार त्यावर ठेवू नका. घरगुती किंवा व्यावसायिक सिंगल फेजवर ठेवा आणि इन्व्हर्टर किंवा जनरेटरची सोय करा. जनरेटर हाऊसपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. त्याच्या धुरात इथिलीन असतं. बंद हाऊसमध्ये ते साचलं तर कळी उशिरा येते, आणि तुम्ही पडद्यात दोष शोधत बसता.

पडदा. बाहेरून पांढरा किंवा चंदेरी आणि आतून काळा असलेला कापडी पडदा उत्तम, तो कमी तापतो. नुसता काळा प्लास्टिक कागद स्वस्त पडतो, पण आत भट्टी होते आणि पाण्याचे थेंब गळतात.

तपासा: भर दुपारी पडदा पूर्ण ओढा आणि आत पाच मिनिटं बसून राहा. डोळे सरावले की भोकं ताऱ्यांसारखी दिसू लागतात. प्रत्येक भोक खडूने खूण करून त्याच दिवशी चिकटपट्टी लावा. मीटर दुपारीसुद्धा २० लक्सच्या खाली असला पाहिजे. जमिनीलगतची फट, दरवाजा आणि पंख्याची जागा विसरू नका.

सावध: अंगणातला बल्ब, रस्त्यावरचा खांब आणि पंपहाऊसची ट्यूब लाइट हे सगळे दिवेच आहेत. आमच्या हाऊसच्या दक्षिण टोकाचे तीन वाफे एका हिवाळ्यात फुललेच नाहीत. आम्ही माती तपासली, मुळं तपासली, सूत्रकृमीचा अहवाल मागवला. शेवटी रात्री नऊला तिथे उभं राहिल्यावर दिसलं की शेजारच्या नव्या गोठ्यावरचा दिवा थेट वाफ्यावर पडतो आहे. त्यांना विनंती केली, त्यांनी दिव्यावर पत्र्याची टोपी बसवली. पुढच्या बॅचला ते वाफे बाकीच्यांबरोबर फुलले. चांदण्याची मात्र काळजी करू नका. पौर्णिमेचा उजेड अर्ध्या लक्सहूनही कमी असतो.

## टप्पा ३: मातृझाडं आणि कटिंग

मातृझाडं लावली त्या रात्रीपासून रोज रात्री १० ते २ दिवे. यात एकही सुट्टी नाही, गावची जत्रा असली तरी.

कटिंग ५ ते ७ सेंटीमीटरचं, कोवळं, हाताने मोडलं तर कट् आवाज येणारं हवं. लवचिक वाकणारं कटिंग जून झालेलं असतं. खालचं पान काढा, बूड आयबीएमध्ये, म्हणजे मुळं फुटवणाऱ्या संप्रेरकात, बुडवा आणि कोकोपीट भरलेल्या प्रो ट्रेमध्ये लावा. १० ते १४ दिवसांत मुळं येतात. या दिवसांतही दिवे चालू हवेत. रोपवाटिकेचा कोपरा अंधारा ठेवला आणि हाऊसमध्ये मात्र दिवे लावले, तर अर्धं नुकसान ट्रेमध्येच झालेलं असतं.

रोपं बाहेरून आणत असाल तर विकणाऱ्याला सरळ विचारा की मातृझाडांना आणि ट्रेला दिवे होते का, किती वाजता होते, आणि वीज गेली तेव्हा काय केलं. नीट उत्तर न देणाऱ्याकडून रोपं घेऊ नका.

तपासा: ट्रेमधून दहा रोपं निवडा आणि शेंड्याची पानं सुईने हळूच उलगडा. भिंगाखाली मधला भाग टोकदार आणि लहान पानांनी वेढलेला दिसला तर रोप वाढीत आहे. तो पसरट घुमटासारखा दिसला तर कळी सुरू झाली आहे. अशी दोनतीन रोपं निघाली तरी तो ट्रे बाजूला काढा.

## टप्पा ४: लागवड आणि लांब दिवस

वाफ्यावर १२.५ सेंटीमीटर चौकटीची आधार जाळी अंथरा. एकदांडी पद्धतीत चौकटीत एक रोप लावलं की चौरस मीटरला ६४ रोपं बसतात. ढगाळ पावसाळ्यात त्यातली काही घरं रिकामी सोडा, नाहीतर दांडे बारीक राहतात.

लागवडीच्या पहिल्याच रात्री दिवे लावा. झाड सावरू दे, मग लावू, असं म्हणत आठवडा घालवणारे खूप आहेत. हिवाळ्यात तेवढ्या आठवड्यात शेंडा कळीकडे वळतो आणि मग कितीही दिवे लावले तरी दांडा एकसारखा येत नाही.

वेळ रात्री १० ते पहाटे २. ती मध्यरात्रीच का ठेवायची? डिसेंबरमध्ये अंधार साडेसहाच्या सुमारास पडतो आणि पहाटे साडेसहानंतर सरतो. मध्ये चार तास उजेड दिला की अंधाराचे दोन तुकडे होतात, एक साडेतीन तासांचा आणि दुसरा साडेचारच्या थोडा वर. दोन्ही इतके लहान की पान त्यांना रात्र समजत नाही. तेच चार तास संध्याकाळी ६ ते १० दिले तर पुढे साडेआठ तासांचा सलग अंधार उरतो, आणि काही जाती तेवढ्यावरही डगमगतात.

लक्षात ठेवण्याचा नियम एकच: वाढीच्या काळात सलग अंधार ७ तासांपेक्षा जास्त होऊ देऊ नका.

वीज गेली तर हाच नियम उपयोगी पडतो. ११ वाजता वीज गेली आणि १ वाजता आली, तर टायमर हाताने बंद करून दिवे ३ पर्यंत चालवा. रात्रभर आलीच नाही तर एक रात्र गेली म्हणून बॅच बुडत नाही. सलग तीन-चार रात्री गेल्या तर काही झाडं कळीकडे वळतील. म्हणून वीज गेलेली प्रत्येक रात्र वहीत लिहा.

सलग दिव्यांऐवजी दहा मिनिटं चालू आणि वीस मिनिटं बंद अशी आळीपाळीही चालते. हाऊसचे तीन भाग करून फिरवलं तर भार एक तृतीयांश होतो. एलईडीला हे झेपतं, सीएफएल लवकर जळतात. पण पहिल्या दोन बॅच सलग दिव्यांवर घ्या, मग यात उतरा.

शेंडा खुडायचा असेल तर लागवडीनंतर साधारण दोन आठवड्यांनी, पाच-सहा पानं ठेवून खुडा, आणि रोपांची संख्या निम्मी करा. खुडल्यानंतर नव्या कोंबांना पुन्हा दोन ते तीन आठवडे दिवे लागतात. खुडून आठवड्यात पडदा ओढला की प्रत्येक कोंब बोटभर राहून फुलतो. वेळापत्रकात हे आठवडे आधीच धरा.

जिबरेलिनची फवारणी फक्त याच टप्प्यात, आणि तीही आखूड राहणाऱ्या जातीलाच. २५ ते ५० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) पुरे. ९० टक्क्यांची भुकटी पाण्यात थेट विरघळत नाही. ती आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा आणि मग पाण्यात घाला. शुद्ध १ ग्रॅम २० लिटरमध्ये म्हणजे ५० पीपीएम. कळी धरल्यावर मारलं तर फुलांच्या माना लांब आणि लुळ्या होतात. आधी चार झाडांवर मारून आठवडाभर बघा.

## टप्पा ५: दिवे बंद करायचा दिवस

तारीख जवळ आली म्हणून दिवे बंद करू नका. उंची मोजा. काढणीला ८० ते ९० सेंटीमीटरचा दांडा हवा असेल तर या दिवशी झाड ३० ते ३५ सेंटीमीटर हवं. काही जाती पुढे जास्त चढतात, काही कमी, म्हणून या दिवसाची उंची आणि काढणीची उंची दोन्ही लिहून ठेवा. दोन बॅचनंतर तुमच्याकडे त्या जातीचा स्वतःचा आकडा असेल, आणि तो कोणत्याही पुस्तकातल्या आकड्यापेक्षा खरा असेल.

ढगाळ जुलैमध्ये चार आठवड्यांत उंची भरली नाही तर पाच आठवडे घ्या. बाजार चार दिवस चुकला तर भाव थोडा पडतो. वीतभर दांड्याला भावच नसतो.

बदल एका रात्रीत करा. आज दिवे पूर्ण बंद, आणि पडद्याचा मोसम असेल तर आजच पडदा सुरू. रोज अर्धा तास कमी करत नेण्याची पद्धत काही जण वापरतात. तिने झाड गोंधळतं आणि फुलणं मागेपुढे होतं.

सावध: एकाच हाऊसमध्ये दोन वयांच्या बॅच असतील तर मध्ये उभा काळा पडदा हवा. लहान बॅचचे दिवे चालू असताना मोठ्या बॅचच्या शेवटच्या ओळीत मीटर ठेवा. तिथे शून्य दिसेपर्यंत पडदा नीट करा.

## टप्पा ६: काळा पडदा रोज, न चुकता

सलग १३ तास अंधार. सोपी वेळ म्हणजे संध्याकाळी ६ ला बंद आणि सकाळी ७ ला उघडा.

सर्वांत जास्त चुका सकाळी होतात. जुलैत सूर्य सहा वाजून गेल्यावर लगेच उगवतो. मजूर सहाला येतात आणि पडदा उघडून कामाला लागतात. झाडाला बारा तास मिळतात आणि आपण तेरा दिले म्हणून वहीत लिहितो. उघडण्याची जबाबदारी एकाच माणसावर द्या, वेळ भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, आणि आठवड्यातून एकदा स्वतः सहाला जाऊन बघा.

दुसरा शत्रू उकाडा. रात्री पडद्याखाली २५ अंशांच्या वर तापमान राहिलं की कळी मंदावते. ३० च्या वर गेलं तर फुलणं आठवडा-दोन आठवडे मागे पडतं आणि फूल फिकट येतं. त्यावर दोन उपाय आहेत. एक, अंधार सकाळकडे सरकवा. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी ७ ला बंद करून सकाळी ८ ला उघडा. संध्याकाळी हाऊस दिवसभराच्या उन्हाने तापलेलं असतं, पहाटे निवलेलं असतं. दोन, बाहेर पूर्ण अंधार झाला की, साधारण आठनंतर, बाजूचे पडदे उचलून हवा खेळू द्या आणि पहाटे ५ च्या आत पुन्हा बंद करा. हे करणार असाल तर पहाटेचा गजर लावा. उचललेला पडदा तसाच राहिला तर केलेलं सगळं फुकट जातं.

तापमान शेंड्याच्या उंचीवर मोजा. दाराजवळच्या खांबावरचं थर्मामीटर खोटा दिलासा देतं.

पडद्याखाली दमटपणा वाढतो आणि पांढरा तांबेरा व भुरी तिथेच सुरू होतात. म्हणून पाणी सकाळीच द्या. संध्याकाळी पानं ओली असतील तर पडदा ओढू नका. आधी पंखा चालवून ती सुकवा.

एखादी रात्र चुकली तर? पहिल्या तीन आठवड्यांत एकही चुकू देऊ नका. या दिवसांत कळी घडत असते आणि मध्येच उजेड मिळाला तर शेंडा परत पानांकडे वळू शकतो. त्यानंतर आठवड्यात एखादी रात्र चुकली तर फुलणं साधारण एका दिवसाने लांबतं, एवढंच. पण कळी दिसली म्हणून पडदा बंद करणं ही मोठी चूक. कळीला वाढायला धरण्यापेक्षाही लहान दिवस लागतो हे आधी सांगितलं आहे. कळीत रंग दिसेपर्यंत पडदा चालू ठेवा.

रात्री बॅटरी घेऊन हाऊसमध्ये फिरू नका. फवारणी, मोजणी, पाहुण्यांना दाखवणं, सगळं दिवसा.

तपासा, १२ वा ते १४ वा दिवस: दहा शेंडे खुडून भिंगाखाली बघा. मधला भाग घुमटाकार झालेला असला पाहिजे, आणि वरची पानं लहान, कमी कातरलेली दिसू लागली पाहिजेत. २१ व्या दिवसाच्या सुमारास कळी डोळ्यांना दिसते. २५ दिवस उलटूनही दिसली नाही तर थांबून कारण शोधा. क्रमाने बघा: पडद्याची भोकं, सकाळी उघडण्याची खरी वेळ, रात्रीचं तापमान, बाहेरचा दिवा, धूर. खत या यादीत शेवटी येतं.

## टप्पा ७: कळी निवडणं

स्प्रे जातीत, म्हणजे एका दांड्यावर अनेक फुलं येणाऱ्या जातीत, मधली, सर्वांत वरची कळी वाटाण्याएवढी होण्याआधी काढा. ती राहिली तर ऑक्सिनचा जोर तिच्याकडे राहतो, ती आधी उमलते आणि बाजूच्या कळ्या मागे पडतात. मोठ्या एकफुली जातीत उलट करायचं. मधली ठेवायची आणि बाजूच्या सगळ्या काढायच्या. कळी लहान असतानाच बोटाने बाजूला ढकलली की निघते. उशीर केला तर कात्री लागते आणि दांड्यावर व्रण राहतो.

मान लांबत असेल तर काही जण वाढरोधक फवारतात. जिबरेलिन तयार होणं थांबवून ते काम करतं. लेबलवर शेवंतीसाठी मात्रा दिली असेल तरच वापरा, आणि पडदा सुरू होण्याआधी कधीच नाही.

## बिघाड झाला तर तो कुठला

दांडा आखूड, सगळ्या झाडांना एकदम कळी. दिवे उशिरा लागले किंवा टायमर बंद पडला होता. ती बॅच सुधारत नाही, सुटी फुलं म्हणून विका.

आखूड झाडं ठिपक्याठिपक्याने विखुरलेली. रोपंच मिसळ होती, काही ट्रेमध्येच वळलेली.

ठराविक पट्ट्यातच आखूड झाडं. त्या पट्ट्यात उजेड कमी पडला. रात्री मीटर घेऊन तिथेच उभे राहा.

उंच, हिरवी, कळी नाही, तीही ठराविक जागी. उजेड गळतो आहे.

कळी आली, थांबली, खालून हिरवे कोंब. पडदा लवकर सोडला किंवा रात्र पुरेशी लांब नव्हती. कळीने रंग धरला नसेल तर पडदा पुन्हा सुरू करा, काही भाग सावरतो.

सगळं बरोबर, पण दहा-बारा दिवस उशीर. उकाडा.

## टप्पा ८: काढणी आणि वही

स्प्रे जातीत दोन-तीन फुलं पूर्ण उमलली की दांडा कापा. सकाळी लवकर कापा आणि कापल्याबरोबर पाण्यात ठेवा. गुलटेकडीच्या किंवा दादरच्या फूल बाजारात माल जाणार असेल तर जुडी एका उंचीची बांधा. मिसळ जुडीचा भाव सर्वांत आखूड दांड्यावर ठरतो.

प्रत्येक बॅचच्या पानावर सहा नोंदी ठेवा: लागवडीची तारीख, दिवे बंद केल्याची तारीख आणि त्या दिवशीची उंची, कळी पहिल्यांदा दिसल्याची तारीख, वीज गेलेल्या किंवा पडदा चुकलेल्या रात्री, पडद्याखालचं सर्वांत जास्त तापमान, आणि काढणीचा पहिला व शेवटचा दिवस. या शेवटच्या दोन तारखांत सात दिवसांहून जास्त अंतर असेल तर पुढची मातृझाडं लावण्याआधी पुन्हा टप्पा २ ची दुपारची तपासणी करा.